हिरवं पाणी

इंजिनाचं काम होऊन गाडी घरी आली, त्यानंतरचे काही दिवस ती शहाण्या मुलासारखी वागली. मग एका रविवारी सुचित्राने सहज म्हणून बॉनेट उघडलं आणि वाकून पाहिलं. कूलंटच्या बाटलीतलं हिरवं पाणी खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

ज्यांचा गाडीशी संबंध चढण्याउतरण्यापुरता असतो, त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. इंजिन चालू झालं की आतून भट्टीसारखं तापतं. ते जळून जाऊ नये म्हणून त्याच्या अंगाअंगातून पाणी खेळवलेलं असतं. तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि पुन्हा आत जातं. नुसत्या पाण्याने आतलं लोखंड गंजतं, म्हणून त्यात हिरवं औषध मिसळतात. त्यालाच कूलंट म्हणायचं. बंद नळ्यांतून फिरणारं हे पाणी कमी व्हायला काही कारण नाही. झालंच, तर ते कुठून तरी गळतंय, नाहीतर इंजिनाच्या पोटात जातंय. सुचित्रा परळच्या एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवायची, आणि रक्त शरीरात कसं फिरतं हे सांगताना हटकून गाडीचंच उदाहरण द्यायची. मुलांना ते पटकन कळायचं.

तिला ते कळलं होतं वडिलांकडून. कुशाबा घोडपदेवातले जुने टॅक्सीवाले. उभी हयात काळीपिवळी चालवली, आणि ती काढून टाकली तेव्हा ही आठ माणसं बसतील अशी गाडी घरासाठी घेतली. आता तीही म्हातारी झाली होती. सणासुदीला गावी जाणं कमी होत गेलं, मुलगा सुशांत वडाळ्याला वेगळा राहायला गेला, आणि गाडीला एकच काम उरलं. सुचित्राच्या आईची, लक्ष्मीची, एक बाजू झटक्यानंतर लुळी पडली होती. तिला व्यायामासाठी परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. बाबा तिला उचलून मधल्या सीटवर बसवत, उशी लावत, आणि स्वतः चालवत नेत. सुचित्राला गाडी उत्तम चालवता यायची, त्यांनीच शिकवली होती, पण आईला न्यायचं असलं की चावी ते कुणाला द्यायचे नाहीत. बाकी दिवसभर ते फारसं बोलत नसत. हॉस्पिटलच्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार असत.

अशाच एका दिवशी लालबागच्या पुलावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि आई मागे एकटी घाबरून बसून राहिली. लोकांनी ढकलून गाडी कडेला घेतली. गाडी चंदूच्या गॅरेजात गेली. त्याने उघडून पाहिलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पाणी अडवणारं पॅकिंग, जळालेलं. पाणी नसताना गाडी चालली की असंच होतं. पाणी का नव्हतं, तर एक जुना रबरी पाइप तडकलेला सापडला, त्याच्यावर खापर फुटलं. चंदूने पाइप बदलला, हेड घासून आणलं, नवं गॅस्केट बसवलं, पहिल्यांदाच त्या गाडीत साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं आणि बाबांना बजावलं की काका, आता याला हात लावायचा नाही, यात रोज पाणी घालायची गरज नसते.

सुशांतने फोनवर सुनावलं होतं की पुन्हा एकदा गाडी तापली तर मी भंगारवाला घेऊन येईन. आईचा जीव काय वाटेवर पडलाय का? त्याचं चूक नव्हतं. पण सुचित्राला गाडी गेल्यावरचे बाबा दिसत होते. भिंतीकडे बघत बसलेले. गाडी राहिली तर बाबा राहतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने कूलंट भरून खूण गाठली. चार दिवसांनी पाहिलं, पुन्हा खाली. पुन्हा भरलं, पुन्हा खाली. मग ती शाळेतून परस्पर गॅरेजात गेली आणि चंदूवर उखडली. चंदू पोरवयात बाबांच्याच टॅक्सीवर क्लीनर होता, त्यांच्याकडेच स्क्रू धरायला शिकला. पन्नाशी उलटलेला तो माणूस कापडाला हात पुसत ऐकत राहिला.

"ताई, दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मीही म्हणालो असतो, होतं कधीकधी," तो शेवटी म्हणाला. "काकांच्या गाडीत मी काम चोरेन का? शनिवारी आण. तू उभी राहा, तुझ्यासमोर सगळं बघू."

शनिवारी ती उभी राहिली. दोघांनी मिळून एकेक शक्यता खोडायला घेतली, बाबांनी दोघांनाही लहानपणी शिकवली होती त्याच पद्धतीने. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं आणि गाडी चालू करून आत टक लावून पाहिलं. गॅस्केट फुटलं असतं तर पाण्यात बुडबुडे आले असते. एकही आला नाही. सायलेन्सरमागे पांढरा, गोडसर वासाचा धूर नव्हता. ऑइलची पट्टी काढून बोटावर घेतलं, तर त्यात पाणी मिसळल्याचा दुधाळपणा नव्हता. चंदूने रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून आत हवा दाबली आणि दोघं काट्याकडे बघत बसले. चहा आला, पिऊन झाला, काटा होता तिथेच. कुठे गळती असती तर तो उतरला असता.

एकच गोष्ट विचित्र होती. चंदूने आतलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात काढलं आणि उजेडाला धरलं. ते हिरवं नव्हतंच म्हणायचं. काकडीच्या रसासारखा नुसता भास.

"यात साधं पाणी कुणी ओतलंय?" चंदूने विचारलं.

गळालं तर पाणी कमी होईल, फिकट कसं होईल? सुचित्राने तर दर वेळी कूलंटच भरलं होतं. घरी जाऊन तिने बाबांना विचारलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मी हातही लावला नाही गो. चंदूने नको म्हटलंय ना." बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. मीटर फास्ट केलं नाही म्हणून स्टँडवरचे लोक त्यांची थट्टा करायचे. सुचित्राने विषय सोडून दिला आणि चंदूच्या सांगण्यावरून गाडी काही दिवस गॅरेजातच ठेवली.

तिथे चंदूने ताजं कूलंट भरलं, आणि ते केसभरही उतरलं नाही. चंदू रोज गाडी फिरवून आणायचा, तापवायचा, गार करायचा. घरी आणली की दोन दिवसांत पुन्हा तेच. सुचित्राला वर्गातली एक मुलगी आठवली. शाळेत हसतखेळत असायची आणि घरी गेली की ताप भरायचा. डॉक्टर मुलीला तपासून थकले. दुखणं मुलीत नव्हतंच, घरात होतं. ही आठवण आली तशी तिने झटकून टाकली. पण ती गेली नाही.

चाळीत पाणी पहाटे येतं. त्या वेळी सगळी माणसं मागच्या अंगाला, नळाच्या रांगेत असतात. पुढची गॅलरी रिकामी. सुचित्राही रोज तिकडेच असायची. आई तेवढी गॅलरीतल्या खुर्चीत बसलेली असे, बाबा तिला उठल्याबरोबर तिथे आणून बसवत. एका पहाटे सुचित्राने शेजारच्या कांतामावशीला आपला हंडा भरायला सांगितला आणि ती पुढच्या गॅलरीत येऊन आईमागे उभी राहिली. आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघू लागली.

खाली उभ्या गाडीशी बाबा बादली घेऊन आले. बादली पाण्याने भरलेली होती. त्यांनी ती सावकाश खाली ठेवली, बॉनेट उघडलं, फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण काढलं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि बंपरच्या खालून हात घालून पाणी सोडायची चावी फिरवली. हिरवं पाणी फरशीवरून वाहत गटाराकडे निघालं. सुचित्राला कळलं. टॅक्सीच्या काळात ते रोज पहाटे हेच करायचे. रात्रभराचं गंजलेलं, तांबूस पाणी सोडून द्यायचं, स्वच्छ पाणी भरायचं, मग धंद्याला निघायचं. त्यांच्या उस्तादाने घालून दिलेला नेम होता तो. आता तांबड्याऐवजी हिरवं पाणी दिसत होतं, शेवाळ धरल्यासारखं, आणि बाबा ते काळजीपूर्वक सोडून देत होते.

त्यांनी चावी बंद केली. झाकण लावलं. बॉनेट खाली घेतलं. मग बादलीकडे बघत ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, वर्गात उत्तर विसरलेलं मूल उभं राहतं तसे. शेवटी त्यांनी बादली उचलली, ते पाणी चारी चाकांवर ओतलं आणि जिन्याकडे वळले.

एखाद्या दिवशी ते भरायला विसरत नसतील, म्हणून पाणी फिकट होत होतं. एखाद्या दिवशी विसरत होते, म्हणून कमी होत होतं. आणि पुलावर गाडी उकळली ती तडकलेल्या पाइपामुळे नव्हे. एवढं सगळं तिला त्या एका क्षणात समजलं. फळ्यावरचं गणित सुटावं तसं सुटलं, आणि ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"माका ठावक होता गो," आई हळूच म्हणाली. झटक्यानंतर तिचे शब्द जड झाले होते. "तेंका सांगू नको."

सुचित्राने खाली बसून तिचा हात हातात घेतला. पाणी नसलेल्या गाडीत आई मागे बसून जात होती. एकदा नाही, किती वेळा कुणास ठाऊक. तिला माहीत होतं आणि तरी ती जात होती. सुचित्राने तसं विचारलं तेव्हा आई म्हणाली की तेवढ्या वाटेपुरते ते पूर्वीसारखे असतात. मग तिने तोंड फिरवलं.

बाबा वर आले, हात धुतले, चहा मागितला. सुचित्राने कप पुढे करत विचारलं, गाडीला हात लावलात का. त्यांनी स्वच्छ डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही गो. चंदूने नको म्हटलंय ना."

ती दुपारी गॅरेजात गेली, पण या वेळी उखडायला नव्हे. चंदूने ऐकून घेतलं. बराच वेळ तो एकाच पान्याला तेल लावत राहिला. मग म्हणाला की काकांना सांग, चंदूने गॅस्केट चुकीचं बसवलं, इंजिन गेलं, गाडी आता चालवायच्या लायकीची राहिली नाही. ते मला शिव्या घालतील, माझ्याशी बोलणं टाकतील, चालेल. त्यांनी स्वतःला शिव्या घालायला नकोत. सुचित्राला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. बाबांना त्यांच्या मनाचं खरं सांगण्यापेक्षा गाडीचं खोटं सांगणं सोपं होतं.

रविवारी सकाळी तिने ते सांगितलं. बाबा कॉटवर बसले होते, समोर लक्ष्मी. सुचित्रा म्हणाली की गॅस्केट पुन्हा गेलंय, इंजिनात राम उरला नाही.

"बुडबुडे आले?" बाबांनी विचारलं.

"आले."

"बारीक की मोठे?"

तिने मोठे म्हणून सांगितलं.

"धूर कसा होता? ऑइल बघितलंस ना? पट्टी काढलीस तेव्हा रंग कसला?"

ती अडखळली. पांढरा म्हणाली, मग ऑइल काळंच होतं म्हणाली. बाबांनी मान हलवली. कालचं जेवण त्यांना आठवत नसेल, पण हे सगळं त्यांच्या हाडात होतं. एवढे मोठे बुडबुडे यायला लागल्यावर ऑइल काळंच राहिलं, हे त्यांना पटेना.

"खोटं बोलतेस, बाय," ते शांतपणे म्हणाले. "चंदू असं काम करणार नाही. काय झालंय ते सांग."

सुचित्राने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते. मग ती वडिलांजवळ कॉटवर बसली, आणि अवघड गणित घेऊन बसलेल्या मुलाला सांगावं तसं, घाई न करता, एकेक करून तिने सांगितलं. पाइप धड. रेडिएटर धड. गॅस्केट धड. गॅरेजात पाणी उतरत नाही. घरी उतरतं, आणि फिकट होतं. ती इथे थांबली.

बाबा जमिनीकडे बघत होते. ओठ हलत होते. तेही मोजत असावेत.

"म्हणजे सोडतंय कुणीतरी," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मी?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"आणि पुलावर? तेव्हा पण मीच?"

त्यांनी वर बघितलं ते लक्ष्मीकडे. लक्ष्मीच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिचा धड हातही उठला नाही. बाबा उठले, तिच्याजवळ गेले, आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने तिचा चेहरा पुसला.

"तू मागे बसून होतीस," ते म्हणाले. "माझ्या भरवशावर."

खालून कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्ट्या देत होता. बाबांनी खिळ्यावरची चावी काढली आणि सुचित्राच्या हातात दिली. त्यांनी रडणं, चिडणं, यातलं काही केलं नाही. गिऱ्हाइकाला रस्ता समजावून सांगावा तसं ते बोलले.

"ऐक. मला हे आत्ता समजतंय, तोवर सांगून ठेवतो. गाडीला काही झालेलं नाही, ती विकायची नाही. आईला तू ने. मी उद्या हे विसरेन. चावी मागेन, तुझ्याशी भांडेन, वाईटसाईट बोलेन. तेव्हा माझं ऐकायचं नाही. मी कितीही सांगितलं तरी. कळलं?"

"कळलं, बाबा."

"सुशांतला पण सांग. आणि चंदूला म्हणावं, काम चांगलं केलंस."

त्या दिवशी ते बाकी नेहमीसारखेच होते. दुपारी जेवले, झोपले. संध्याकाळी सुशांत आला, त्याच्याशी क्रिकेटवर बोलले. सुशांत निघताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, "मी उगाच गाडीच्या मागे लागलो होतो गं." सुचित्राला वाटलं, सगळ्यात कठीण ते होऊन गेलं. एकदा सांगायचं होतं, सांगून झालं.

सोमवार हॉस्पिटलचा दिवस. पाणी भरून ती आत आली, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खिळ्यासमोर उभे होते.

"चावी खंय गेली?"

तिने हंडा खाली ठेवला. कालचं सगळं पुन्हा सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पाइप धड, रेडिएटर धड, गॅस्केट धड. म्हणजे आज पुन्हा "मी?" असं विचारताना त्यांचा चेहरा बघायचा. आणि परवा. आणि पुढच्या सोमवारी. दरवेळी ते काल पहिल्यांदा कळलं तसंच विचारणार.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आजपासून मी चालवणार."

"कोण म्हणालं?"

"ठरलंय, बाबा."

त्यांचा आवाज चढला. माझी गाडी, माझ्या कष्टाची, माझी बायको, आणि तू कोण ठरवणार. सुशांतने फितवलं का तुला. घर बळकावलंत, आता गाडीही. शेजारच्या दारात कांतामावशी येऊन उभी राहिली आणि नजर खाली घालून पुन्हा आत गेली. बाबा सुचित्राला कधीही बोलले नव्हते असं बोलले. तिने चावी मुठीत घट्ट धरून ठेवली. ती कुणाशी भांडत नव्हती. कालच्या एका माणसाला दिलेला शब्द पाळत होती, आणि तो माणूस या खोलीत नव्हता.

बोलून बोलून ते थकले. कॉटच्या कडेवर बसले, शर्टाची वरची गुंडी उगाचच काढली, पुन्हा लावली.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. राग कुठल्या कुठे गेला होता. खरोखरच विचारत होते ते.

सुचित्राने आईची उशी उचलून त्यांच्या हातात दिली. "तुम्ही आईला घ्या. मला तुमच्यासारखं उचलता येत नाही."

ते उठले. खुर्चीशी वाकून त्यांनी लक्ष्मीला दोन्ही हातांवर घेतलं, तिची मान आपल्या खांद्याला नीट टेकवली आणि जिन्याच्या पायऱ्या सावकाश उतरायला लागले. खाली त्यांनी तिला मधल्या सीटवर बसवलं, लुळ्या बाजूला उशी लावली आणि सवयीने पुढच्या दाराकडे गेले. तिथे सुचित्रा, पाणी बघून आणि काठोकाठ भरून, आधीच बसलेली होती. ते थांबले. काचेतून तिच्याकडे बघत राहिले. मग मागे वळून लक्ष्मीच्या शेजारी चढले आणि दार ओढून घेतलं.

सुचित्राने गाडी चालू केली. इंजिन एका लयीत धडधडत होतं, कुठेही खोट नव्हती.